गाडीची किंमत आणि गाडीचे कागद

महूहून इंदूर तासाभराच्या आत. सुट्टीच्या दिवशी आमच्यातले बहुतेक जण सराफ्यात खायला जातात. मी एकदा मुद्दाम माणिकबाग बघायला गेलो. होळकर संस्थानचे शेवटचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव (दुसरे) यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाडा बांधून घेतला. वास्तुरचनाकार होता एकार्ट मुथेसियस, बर्लिनचा तरुण. वाडा कसला, त्या काळातल्या युरोपातही नवलाची वाटेल अशी सरळ रेषांची, आत वातानुकूलन असलेली इमारत. आज तिथे केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे. आतलं फर्निचर 1980 साली मोंटे कार्लोला लिलावात गेलं. आणि गाड्या त्याच्याही आधी गेल्या.

त्या गाड्यांतल्या एकीसाठी हा लेख लिहायला घेतला, पण लिहिता लिहिता बराच लांब गेलो. ती गाडी म्हणजे ड्यूसेनबर्ग. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात बनायची. 1928 च्या शेवटी या कंपनीने 'मॉडेल जे' बाजारात आणलं. आठ सिलिंडर एका रांगेत, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ताकद 265 हॉर्सपॉवर. त्या काळातल्या चांगल्या गाड्यांच्या दुपटीहून जास्त. पुढे सुपरचार्जर बसवलेलं 'एसजे' आलं, ते 320 हॉर्सपॉवरचं. कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकायची. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायची. यशवंतरावांनी आपल्या एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांपुरती उघडी बॉडी चढवून घेतली. एवढं लांब बॉनेट, एवढं दांडगं इंजिन, आणि बसायला दोनच माणसं. मॉडेल जे जातीच्या अवघ्या 480 च्या आसपास गाड्या बनल्या आणि 1937 मध्ये कंपनीच बंद पडली. ही गाडी आज अमेरिकेत आहे.

युनिटमधल्या पोरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, आज केवढ्याला जाईल?" मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. का जाईल? लोखंड तेच, रबर तेच. त्याच वर्षाची, तितकीच जुनी दुसरी गाडी भंगारवाला किलोवर घेतो, आणि हिच्यासाठी माणसं आयुष्यभराची कमाई लावतात. हा फरक कुठून येतो?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे दुर्मिळता. पण नुसत्या दुर्मिळतेवर काही होत नाही. जगात अशा कितीतरी गाड्या आहेत ज्या एकच बनल्या, कारण दुसरी कुणाला नकोच होती. गावाकडच्या गॅरेजात मॅटाडोरच्या चासीवर कुणी घरच्या घरी मिनीबस बांधली तर तीही जगात एकच असते. दुर्मिळ वस्तूला किंमत यायला ती हवी असणारी किमान दोन माणसं लागतात, आणि दोघांच्याही खिशात पैसा लागतो.

फेरारी 250 जीटीओचं उदाहरण घेऊ. 1962 ते 1964 या काळात या गाड्या बनल्या, 36. (चार लिटरच्या इंजिनाच्या तीन धरल्या तर 39.) शर्यतीसाठी बनवलेली, पण रस्त्यावर चालवता येईल अशी गाडी. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात एक 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली, त्या वेळच्या भावाने साधारण 340 कोटी रुपये. पण 1960 चं दशक संपताना हीच गाडी जुनी, थकलेली, नियम बदलल्यामुळे शर्यतीत निरुपयोगी झालेली होती, आणि काही हजार डॉलरला मिळायची. यांतली एक टेक्सासमधल्या एका शाळेला देणगीत मिळाली होती. शाळेने काही वर्षं ती वापरली आणि 1972 मध्ये 6,500 डॉलरला विकून टाकली. घेणाऱ्याने ती ट्रेलरवर चढवून उघड्या शेतात ठेवली, आणि तिथे ती वर्षानुवर्षं ऊनपाऊस खात उभी होती. गाड्यांची संख्या तेव्हाही तेवढीच होती आणि आजही तेवढीच आहे. म्हणजे वाढलं ते दुसरंच काहीतरी.

त्यातला एक भाग वयाचा आहे. जो माणूस दहाव्या-बाराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र भिंतीवर लावतो, ती गाडी तो पन्नाशीत विकत घेऊ शकतो. 1962 साली शाळेत असलेली पोरं 1980 च्या दशकात पैसेवाली झाली आणि जीटीओचे भाव चढले. 1988 मध्ये एन्झो फेरारी वारले, तेव्हा तर झुंबडच उडाली. मग 1990 नंतर बाजार असा कोसळला की बऱ्याच जणांचे हात पोळले. भाव पुन्हा वर यायला खूप वर्षं लागली. म्हणून जुन्या गाडीला 'गुंतवणूक' म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो.

दुसरा भाग असा की जीटीओ घेणाऱ्याला नुसती गाडी मिळत नाही. इंग्लंडमधल्या गुडवुडसारख्या ठिकाणी ज्या ऐतिहासिक शर्यती आणि मिरवणुका होतात, तिथे शिरायचं दार त्याला उघडतं. गाडी चालवता येते, तिचे सुटे भाग बनवून मिळतात, दुरुस्ती जाणणारे कारागीर आहेत. नुसतीच बघायची वस्तू असती तर इतका भाव आला नसता असं मला वाटतं.

पण सगळ्यात मोठा भाग तिसरा आहे, आणि फौजेतल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. त्या 36 गाड्यांपैकी प्रत्येकीचा चासी नंबर माहीत आहे. कुठल्या तारखेला कारखान्यातून निघाली, कुणी घेतली, कुठल्या शर्यतीत कुणी चालवली, कुठे ठोकली, कुणी दुरुस्त केली, पुढे कुणाला विकली, सगळं नोंदलेलं आहे. आमच्या एमटी पार्कमधल्या प्रत्येक गाडीचंही असंच असतं. बीए नंबर, लॉग बुक, किती किलोमीटर झाले, कधी इंजिन उतरवलं, कुठल्या वर्कशॉपने कुठला भाग बदलला. लॉग बुक नसेल तर गाडी डोळ्यांसमोर उभी असूनही कागदावर ती नसते, आणि जी कागदावर नाही ती जागेवरून हलत नाही. नवीन रिक्रूटला ही बाबूगिरी वाटते. वाहनसंग्राहकांची दुनिया मात्र अख्खी या बाबूगिरीवर उभी आहे.

ते लोक ज्याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात ते हेच. कारखान्याने चासीवर, इंजिनवर, गिअरबॉक्सवर, मागच्या ॲक्सलवर नंबर ठोकलेले असतात. ते सगळे कारखान्याच्या वहीतल्या नोंदीशी जुळले तर गाडी जन्मली तशीच आहे असं समजायचं. इंजिन दुसऱ्या गाडीचं निघालं, अगदी त्याच जातीचं आणि त्याच वर्षाचं असलं, तरी किंमत धाडकन खाली येते. साहजिकच नंबर घासून नवे ठोकणारेही निपजले. पण लोखंडावर ठसा मारताना खालचा धातूही दाबला जातो. वरचा नंबर घासला तरी तो दाब आत राहतो आणि आम्ल लावून तपासलं की जुना आकडा पुसटसा उमटतो. चोरीच्या मोटारसायकली ओळखायला आपल्याकडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच युक्ती वापरतात.

आता खरा पेच. शर्यतीच्या गाडीचे भाग बदलणारच. टायर, ब्रेक, इंजिन, ठोकली तर बॉडी. आमच्या वर्कशॉपमध्ये एका कंडेम गाडीचे भाग काढून दुसरी उभी करतात, त्याला आम्ही कॅनिबलायझेशन म्हणतो. मग किती भाग बदलल्यावर गाडी 'तीच' राहत नाही? हा प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या हायकोर्टापुढे आला, आणि मला वाटतं या विषयावर त्याहून चांगलं वाचायला काही नाही.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने 1929 आणि 1930, लागोपाठ दोन वर्षं जिंकली. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत वूल्फ बार्नाटो होता, जो स्वतः बेंटली कंपनीचा अध्यक्ष. पहिल्या वर्षी जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. त्यानंतरही गाडी शर्यतीत पळत राहिली, बदलत राहिली. तिच्यात आठ लिटरचं मोठं इंजिन बसवलं. 1932 साली ब्रुकलँड्सच्या 500 मैलांच्या शर्यतीत ती वरच्या उतरत्या कठड्यावरून बाहेर गेली, आणि चालवणारा क्लाइव्ह डनफी जागीच ठार झाला. त्यानंतर बार्नाटोने ती पुन्हा बांधून घेतली, पण शर्यतीची नव्हे, बंद टपाची रस्त्यावरची गाडी म्हणून. पुढच्या काळात तिला पुन्हा उघडी बॉडी मिळाली. 1990 मध्ये मालकाने ती एका कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. कंपनीने ऐनवेळी माघार घेतली. कारण काय, तर ही खरी ओल्ड नंबर वन नाहीच, तिच्यात त्या वेळचं उरलंय काय?

कोर्टात तज्ज्ञांनी गाडी नटबोल्टापर्यंत मोजली. निघालं असं की 1929 साली जिंकलेल्या गाडीचं म्हणावं असं जवळपास काहीच नाही, आणि 1930 च्या गाडीचे गिअरबॉक्सचं आवरण, स्टिअरिंगचा दांडा असे मोजकेच भाग. एखाद्याला वाटेल, खटला संपला. पण न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही गाडी 'मूळ' स्थितीत नाही हे खरं, पण ती कधी मोडून संपली आणि तिच्या नावाने दुसरी उभी केली असंही कधी झालं नाही. एकेक भाग बदलत गेला, पण गाडीचं असणं कुठेही तुटलं नाही. दुसरी कुठलीही गाडी उठून 'ओल्ड नंबर वन मी आहे' असं म्हणू शकत नाही. म्हणून ती खरी.

हा निकाल वाचला तेव्हा मला पलटणी आठवल्या. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, 1768 ची. तेव्हाचा माणूस नाही, तेव्हाची बंदूक नाही, तेव्हाचा गणवेश नाही, मधल्या काळात नावही अनेकदा बदललं. तरी ती तीच पलटण आहे याबद्दल कुणाच्याही मनात शंका येत नाही, कारण मधला एकही दिवस असा नाही की ती नव्हती. न्यायमूर्तींच्या डोक्यात पलटण नसणार. पण त्यांनी लावलेली कसोटी फौजी माणसाला चटकन पटते.

सगळे संग्राहक मात्र त्यांच्याशी सहमत नाहीत. बऱ्याच जणांची ओढ आता उलट्या दिशेला आहे. गाडी जितकी कमी हाताळलेली, तितकी मोलाची. एके काळी जुनी गाडी मिळाली की ती सुटी करून, घासून, नव्याहून नवी करायची रीत होती. आज कारखान्यातला मूळ रंग तडकलेला असला तरी त्याला हात लावायला लोक घाबरतात. एकदा घासला की तो परत येत नाही, आणि नवा रंग तर कधीही लावता येतो.

याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. फ्रान्समध्ये वाहतूक व्यवसायातल्या रॉजे बेयाँ नावाच्या माणसाने जुन्या गाड्या जमवल्या होत्या. पुढे धंदा बसला आणि गाड्या पत्र्याच्या शेडखाली तशाच पडून राहिल्या, काही दशकं. 2015 साली पॅरिसमध्ये त्या लिलावाला आल्या, झाडल्यापुसल्याशिवाय. त्यात फेरारीची एक उघडी कॅलिफोर्निया स्पायडर होती, जी शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली गाडली गेली होती. नट आलँ दलाँ त्याच गाडीत बसलेला असल्याचे जुने फोटो उपलब्ध होते. गाडी धुळीसकट 1 कोटी 63 लाख युरोला गेली. लिलावाआधी ती कुणी धुऊन चकचकीत केली असती तर नुकसानच झालं असतं.

दुसरं उदाहरण त्याहून टोकाचं. स्वित्झर्लंडमध्ये अस्कोना इथे माजोरे सरोवराच्या काठी 1925 ची एक छोटी बुगाटी होती. तिचा आयातकर कुणी भरला नव्हता. नियमाप्रमाणे ती नष्ट करायची म्हणून जकातवाल्यांनी 1936 मध्ये ती साखळीला बांधून सरोवरात सोडली. (कल्पना अशी असावी की पुढेमागे साखळी ओढून वर काढता येईल.) साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. 2009 मध्ये तिथल्या पाणबुड्या क्लबने ती वर काढली. चिखलात रुतलेली बाजू थोडी टिकलेली, दुसरी बाजू गंजून जाळी झालेली. ही चालणार नाही, दुरुस्त होणार नाही, बसताही येणार नाही. तरी 2010 च्या जानेवारीत पॅरिसला ती 2,60,500 युरोला विकली गेली. घेणाऱ्याने ती कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात तशीच मांडून ठेवली, दुरुस्त न करता.

आणि आजवरची सगळ्यात महाग? 2022 च्या मे महिन्यात श्टुटगार्टला मर्सिडीजने आपल्याच संग्रहालयातली 1955 ची 300 एसएलआर कूपे विकली, 13 कोटी 50 लाख युरोला. म्हणजे साधारण अकराशे कोटी रुपये. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. गंमत म्हणजे ही गाडी एकही शर्यत पळलेली नाही. 1955 साली ल मान्सला मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं मेली, बऱ्याच शर्यती रद्द झाल्या, आणि त्या वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यतीच सोडल्या. कंपनीचा मुख्य अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट ही गाडी स्वतः चालवायचा, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. मग एवढा भाव कशाचा? मला दिसतं ते असं, की गाडी जन्मल्यापासून 67 वर्षं ती कंपनीच्या ताब्याबाहेर गेलीच नव्हती. नंबर जुळतात का, मधला मालक कोण, इंजिन कुठलं, हे काही विचारायची गरजच नव्हती.

आता आपल्या देशाकडे वळू. आपलं दुखणं तिथे आहे.

पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्यापर्यंत संस्थानिक हे रोल्स-रॉइससारख्या कंपन्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. या गाड्या नुसत्या महाग नव्हत्या, एकेक माणसासाठी घडवलेल्या होत्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची 1934 ची रोल्स-रॉइस, 'स्टार ऑफ इंडिया'. कलकत्त्यात मॅथ्यूसन नावाच्या इंग्रज धनिकाने 1910 च्या सुमारास हंसाच्या आकाराची गाडी इंग्लंडच्या ब्रूक कंपनीकडून बनवून घेतली. हंसाच्या चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा, वाट मोकळी करायला. मागून चुना पडायचा, हंस शिटल्यासारखा. रस्त्यावर एवढा गोंधळ झाला की पोलिसांनी तिच्यावर बंदी घातली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे.

1947 नंतर संस्थानं विलीन झाली. 1971 मध्ये घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. गाड्या सांभाळायला माणसं आणि पेट्रोल परवडेना. त्या ड्रायव्हरला बक्षीस गेल्या, मिस्त्रीला उधारीपोटी गेल्या, सिनेमावाल्यांकडे गेल्या, भंगारात गेल्या. परदेशी व्यापारी येऊन स्वस्तात उचलू लागले. पुढे सरकारने विंटेज गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पण तोवर उत्तमातल्या बऱ्याच बाहेर पोचल्या होत्या. एखादीच परत आली. 'स्टार ऑफ इंडिया' कित्येक वर्षं परदेशी मालकांकडे फिरून 2010 च्या सुमारास त्याच घराण्याने परत राजकोटला आणली. किती पैसे मोजून, ते विचारू नये.

पण गाडी जाण्यापेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं असं माझं मत आहे. जी गाडी परदेशात गेली तिचे कागद तिथल्या संग्राहकाने जिवापाड शोधले, जुळवले, टिकवले. जी इथे राहिली तिचे कागद गेले. मोटारखान्याच्या वह्या रद्दीत. कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार कुठल्या तरी कपाटात वाळवीच्या तोंडी. इंजिन पेट्रोल खातं म्हणून त्याजागी पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं आणि मूळ इंजिन काट्यावर. मग वीस-तीस वर्षांनी शौक असलेला कुणी ती गाडी घेतो. पदरचे लाखो रुपये खर्चून लाल मखमल आणि भरपूर क्रोम चढवतो, आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने देतो. गाडी सुंदर दिसते. पण कुठली, कुणाची, कधीची, हे सांगता येत नाही.

याला अपवाद आहेत. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनी शंभराहून जास्त गाड्या जमवून अहमदाबादजवळ कठवाड्याला संग्रहालय उभं केलं. उदयपूरच्या राजघराण्याने आपल्या गाड्या जुन्या गॅरेजातच मांडल्या आहेत, जिथे त्या आधी उभ्या असायच्या तिथेच. आणि आपल्या कोल्हापूरकरांना सांगायला नको, दसऱ्याला छत्रपती घराणं सोन्याच्या कार्यक्रमाला मेबॅकमधून येतं. कितीतरी कोल्हापूरकर ती गाडी लहानपणापासून बघत आलेत, आणि तिची फारशी चर्चा होत नाही कारण ती आपली आहे. एकच घराणं, एकच गाव, वर्षातून एकदा सगळ्यांसमोर रस्त्यावर. लंडनच्या लिलावदाराला विचारा, असा पुरावा मिळायला तो काय देईल.

सरकारी नियमही आता या दिशेने आले आहेत. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नूतनीकरण 5,000. रोजच्या वापराला किंवा धंद्याला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढंच. नियम वाचताना मला बरं वाटलं ते त्या फेरफाराच्या अटीमुळे. आपल्या कायद्यात 'न बदललेली' या गोष्टीला मोल पहिल्यांदाच आलं. पण ज्यांनी डिझेल इंजिन बसवून मूळ इंजिन काट्यावर घातलं, ते आता काय दाखवणार?

हीच गोष्ट आमच्या गाड्यांची. जोंगाचं नावच मुळी जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी अक्षरांवरून पडलं. निसानच्या परवान्यावर तिथे तीस-एक वर्षं ती बनली आणि 1999 च्या सुमारास बंद झाली. लिलावात सुटलेल्या जोंगा आज शौकीन लोक शोधून घेतात. घेतात आणि पहिलं काम करतात ते म्हणजे पत्रा उघडा होईपर्यंत घासून वर भडक हिरवा रंग मारतात, दोन्ही बाजूंना तलवारी काढतात, आणि नंबरप्लेटवर मनाने एक बाण काढून फौजी नंबर टाकतात. बाणापुढचे दोन आकडे गाडी फौजेत आल्याच्या सालाचे असतात, हेही त्यांना माहीत नसतं. 2005 ची जोंगा मी डोळ्यांनी बघितली आहे.

महूच्या बाजारपेठेमागच्या एका गॅरेजात अशीच एक जोंगा रंगाला लावलेली होती. मालक सिव्हिलियन, वकील, माणूस हौशी. बॉनेट घासून झालं होतं, पोऱ्या मागचा पत्रा घासत होता. वरचा हिरवा निघाला, त्याखाली मातकट रंग निघाला, म्हणजे गाडी कधीतरी वाळवंटात होती. त्याखाली पुन्हा हिरवा, आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या स्टेन्सिलचे आकडे दिसायला लागले. बाण, मग सात, मग आठ, पुढचं अजून झाकलेलं. मी वकीलसाहेबांना हाक मारली आणि ते काय आहे ते सांगितलं. त्यांनी पोऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला आणि मला विचारलं, हे नुसत्या पाण्याने कसं काढायचं.